डिस्क गेली, असे म्हणण्याआधी

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाबरोबरचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या दोन तारखांच्या मधे, सप्टेंबर १९५६ मध्ये, अमेरिकेत आयबीएमने रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्याच्या कपाटाएवढ्या साठवण यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या दांड्यावर फिरत, आणि त्या सगळ्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो. आतली मांडणी मात्र तीच आहे: मोटर, दांडा, तबकड्या आणि त्यांच्यावरून सरकणारा हात. संगणकाचे बाकी सारे भाग चिपांत जाऊन स्थिरावले. पंखे वगळले तर फिरणारे, तापणारे आणि आवाज करणारे यंत्र एवढेच उरले. हे पुस्तक त्या यंत्राविषयी आहे, आणि ते भिलाईत लिहिले गेले यालाही थोडा अर्थ आहे. ज्या गावात तीन पाळ्यांमध्ये मोटरींचा आवाज ऐकून, बेअरिंगचे तापमान वहीत उतरवून कारखाना चालवला गेला, तिथे नुसत्या संशयावरून हार्ड डिस्क भंगारात टाकणे शोभत नाही.

पुस्तक कोणासाठी, ते आधी सांगतो. भिलाईतली मराठी घरे बहुतेक विदर्भातून नोकरीच्या निमित्ताने आलेली. सेक्टरांमधल्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेले, निवृत्तीनंतर कोणी नेहरूनगरला घर बांधले, कोणी रिसालीला, कोणी दुर्गला. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याही पलीकडे. घरात उरतात ते फोटो, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट, आजोबांनी रेडिओवरून टेप केलेली नाट्यगीते, आणि आता दर महिन्याला मुलांच्या फोनवरून येणारे नातवंडांचे व्हिडिओ. हे सगळे भाड्याच्या क्लाउडवर ठेवायचे की घरच्या जुन्या पीसीला चार-सहा डिस्क लावून त्याचाच सर्व्हर करायचा, हा प्रश्न ज्याने दुसऱ्या बाजूने सोडवला त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. पहिला पर्याय वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण घरच्या सर्व्हरचा मालक झाल्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी आपली, हे ज्याला मान्य नाही त्याने भाडे भरत राहावे हे उत्तम.

कंट्रोलर कसा निवडावा आणि बिघडलेली डिस्क कशी तपासावी, हे दोन विषय सहसा वेगवेगळे शिकवले जातात. एक खरेदीचा, दुसरा दुरुस्तीचा. मला ते एकच वाटतात. डिस्कला काय झाले हे आपल्याला कळते ते कंट्रोलरच्या तोंडून. तो नीट सांगत नसेल तर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणून कंट्रोलर घेताना वेग, किंमत आणि पोर्टची संख्या यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा: हा डिस्कचे म्हणणे जसेच्या तसे माझ्यापर्यंत पोचवील का?

भिलाई उभी राहत होती तेव्हा सोव्हिएत तज्ज्ञ आणि इथले इंजिनियर यांच्या मधे दुभाषे असत. दुभाषा दोन प्रकारचा असतो. एक ऐकलेले वाक्य तसेच दुसऱ्या भाषेत सांगतो. दुसरा स्वतःच ठरवतो की यातले साहेबांना सांगण्याजोगे किती, आणि 'सगळे ठीक आहे' एवढेच कळवतो. हार्डवेअर रेड कार्ड हा दुसऱ्या प्रकारचा दुभाषा आहे. चार डिस्क त्याच्या ताब्यात दिल्या की तो ऑपरेटिंग सिस्टिमला एकच मोठी डिस्क दाखवतो. मागे कोणती डिस्क किती वेळा अडखळली, कोणती तापली, कोणी कोणता भाग वाचायला नकार दिला, हे त्याच्याजवळ राहते. विचारायची सोय असते, पण त्याच्या कंपनीच्या खास सॉफ्टवेअरमधून, त्याच्या अटींवर.

रेडची कल्पना मुळात वाईट नाही. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडले की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एखादी गेली तरी माहिती टिकावी अशी सोय करावी. त्या काळी हा हिशेब करायला मुख्य प्रोसेसरला सवड नव्हती, म्हणून वेगळे कार्ड लागले. आज दहा वर्षे जुना प्रोसेसरही ते काम सहज करतो. त्यासाठी लिनक्समधले एमडी हे सॉफ्टवेअर आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम आहे, जी प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज ठेवते आणि वाचताना ती जुळते का ते बघते. घरच्या वापरासाठी वेगळ्या रेड कार्डाची गरज त्यामुळे संपली, तोटे मात्र राहिले. कार्ड जळाले तर त्याच जातीचे दुसरे शोधत फिरावे लागते, कारण डिस्कवर मांडणी कशी केली आहे ते त्यालाच ठाऊक. त्याच्या कॅशची बॅटरी काही वर्षांत मरते. मग बहुतेक कार्डे आपण होऊन लिहिण्याचा वेग कमी करतात, आणि मालक डिस्कला दोष देतो. सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क मात्र एका मशीनमधून काढून दुसऱ्यात लावल्या की नवे मशीन त्या ओळखते. भिलाईसारख्या ठिकाणी, जिथे विशिष्ट कार्ड मिळवायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस गाठावे लागते, तिथे एवढे एक कारणही मला पुरेसे वाटते.

पहिल्या प्रकारच्या दुभाष्याला एचबीए म्हणतात. त्यातले सर्वांत चलतीचे नाव एलएसआय. ही कंपनी २०१४ मध्ये अव्हॅगोने घेतली आणि २०१६ पासून तीच ब्रॉडकॉम या नावाने वावरते. त्यामुळे एकाच कुळातली कार्डे तीन नावांनी दिसतात, गोंधळू नये. मोठ्या कंपन्यांनी जुने सर्व्हर मोडीत काढले की ही कार्डे सेकंडहँड बाजारात येतात. एसएएस २००८ चिपचे ९२११-८आय हे त्यातले सगळ्यांना ठाऊक असलेले. त्याच चिपचे आयबीएमचे एम१०१५, डेलचे एच२०० आणि एच३१०. नावातला '८आय' म्हणजे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आठ डिस्कची सोय. या कार्डांत दोन प्रकारचे फर्मवेअर चालते. आयआर म्हणजे थोडे रेड करणारे, आयटी म्हणजे डिस्क जशी आहे तशी दाखवणारे. आपल्याला आयटी हवे. विकणारा 'आयटी मोडमध्ये आहे' म्हणतो तेव्हा सुरू करून खात्री करावी. २०व्या आवृत्तीचे फर्मवेअर असेल तर तिचा अगदी पहिला अवतार नको, २०.००.०७.०० हवा. पहिल्यात दोष होते आणि त्याने बऱ्याच निरपराध डिस्क बदनाम केल्या. त्याहून जुन्या एसएएस १०६८ई चिपच्या कार्डाकडे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी वळू नये. २ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्याला पूर्ण दिसत नाही.

चार-सहा डिस्कच हव्या असतील तर एलएसआयचीही गरज नाही. आधी मदरबोर्डवरचे पोर्ट वापरावेत. बायोसमध्ये रेड नव्हे तर एएचसीआय निवडले की तेच सगळ्यांत साधे आणि प्रामाणिक. ते अपुरे पडले तर एएसमीडियाच्या एएसएम ११६६ चिपचे सहा पोर्टचे किंवा जेमायक्रॉनच्या जेएमबी ५८५ चिपचे पाच पोर्टचे कार्ड घ्यावे. दोन्ही पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या दोन लेन वापरतात. एका लेनमधून सेकंदाला जवळजवळ १ गिगाबाइट जाते आणि एक फिरती डिस्क फार तर २५० मेगाबाइट देते, तेव्हा हिशेब ठीक जमतो. घरच्या गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच मिळतात. त्यामुळे रोजच्या वापरात कोणतेही कार्ड वेगवानच भासते. फरक उघडा पडतो तो सगळ्या डिस्क एकदम वाचाव्या लागतात तेव्हा, म्हणजे महिन्याची तपासणी चालू असताना किंवा गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून घेताना. नेमक्या त्याच वेळी धोका सर्वांत जास्त असतो. ऑनलाइन बाजारात एका लेनच्या छोट्या स्लॉटला दहा, सोळा, वीस पोर्ट देणारी कार्डे दिसतात. त्यांत आत पोर्ट मल्टिप्लायर असतो. पाच डिस्क एकाच वाटेने ये-जा करतात, आणि त्यातली एक अडली की बाकीच्या चार तिच्या मागे खोळंबतात. अशा कार्डावर घरातले फोटो ठेवू नयेत, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

विजेचाही विचार हवा. एलएसआयचे जुने कार्ड काही काम नसतानाही आठ-दहा वॅट खाते आणि प्रोसेसरला गाढ झोप घेऊ देत नाही. दहा वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला ८८ युनिट. आठ डिस्क असतील तर हा खर्च रास्त आहे. तीनच असतील तर नाही.

आता भिलाईचा उन्हाळा. पुस्तके आणि माहितीपत्रके जिथे लिहिली जातात तिथे खोलीचे तापमान पंचवीस अंश गृहीत धरलेले असते. इथे मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी बंद खोलीतही तो चाळिशीजवळ रेंगाळतो. बहुतेक हार्ड डिस्कची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६० किंवा ६५ अंश असते; खोलीच चाळीस असेल तर आपल्या हातात वीस-पंचवीस अंशच उरतात, आणि डिस्क एकमेकींना चिकटून बसवल्या असतील तर ते कधी संपतात ते कळतही नाही. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात मध्यम तापमानाचा आणि डिस्क जाण्याचा संबंध लोक समजत होते तितका घट्ट दिसला नाही, हे खरे. पण तो अभ्यास वातानुकूलित डेटा सेंटरमधला होता, आणि त्यातही तीन वर्षांहून जुन्या डिस्कना जास्त उष्णता बाधताना दिसली. घरच्या सर्व्हरमधल्या डिस्क बहुधा जुन्याच असतात.

डिस्कपेक्षाही आधी तापते ते कार्ड. एलएसआयच्या कार्डावर पंखा नसतो, नुसती ॲल्युमिनियमची जाळी असते. ते सर्व्हरच्या खोक्यासाठी बनवलेले आहे, जिथे समोरून मागे सतत वारा असतो. मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा त्याला मिळावा अशी अपेक्षा. आपल्या साध्या कॅबिनेटमध्ये ते तळाच्या स्लॉटमध्ये, हवा जिथे हलतच नाही तिथे बसते. जानेवारीत सगळे सुरळीत चालते. मेमध्ये दुपारी दोन वाजता आठपैकी पाच डिस्क एकदम नाहीशा होतात आणि रात्री परत सुरू केले की सगळ्या हजर. अशा वेळी पाच नव्या डिस्क घेणारे लोक आहेत. त्या जाळीवर बांधलेल्या चार सेंटिमीटरच्या एका पंख्याने ते काम भागले असते. कूलरबद्दल एवढेच: सर्व्हर कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. त्या वाऱ्यात पाणी असते आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार. कनेक्टरवर पांढरी पुटे चढतात. पंखा चालेल, शेजारची खोली चालेल.

दुसरा संशयित एसएमपीएस. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या काही सेकंदांत १२ व्होल्टच्या तारेतून ती दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, म्हणजे आठ डिस्क मिळून सोळा अँपिअर, १९० वॅटच्या आसपास. फिरू लागल्यावर तीच डिस्क पाच-आठ वॅटवर भागवते. म्हणून चालू असताना मोजलेल्या वॅटवरून एसएमपीएस पुरेसा आहे असे ठरवले तर सुरू करताना फसगत होते. मोलेक्सवरून साटा पॉवर काढणारे अडॅप्टर, विशेषतः प्लास्टिक एकसंध ओतलेले, आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत. ते वापरायचेच असेल तर तारा दाबून बसवलेले घ्यावे. इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवणाऱ्यांनी बदलाच्या क्षणाकडे लक्ष द्यावे. वीज गेल्यावर पंख्याला न जाणवणारा तो खंड काही एसएमपीएसना जाणवतो, आणि लिहिता लिहिता बंद पडलेली डिस्क दुसऱ्या दिवशी तक्रार करते. सर्व्हरला स्वतंत्र छोटा यूपीएस असावा, आणि तो यूएसबीने जोडून वीज गेल्यावर सर्व्हर आपण होऊन बंद होईल असे करावे. पावसाळ्याच्या तोंडावर छत्तीसगडमध्ये विजा कशा पडतात ते इथल्या वाचकाला सांगायला नको. अर्थिंग तपासून घ्यावे.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. विकत घेतलेली नवी डिस्क कधी कधी अजिबात फिरतच नाही. विशेषतः यूएसबीच्या खोक्यातून काढलेली. दुकानदार ती परत घ्यायलाही तयार होतो. डिस्क चांगली असते. साटाच्या नव्या नियमांनुसार पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले तर डिस्कने बंद राहायचे असते, आणि जुने एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट कायमच देतात. त्या पिनवर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपचा बारीक तुकडा लावला की डिस्क मुकाट्याने चालू लागते.

आता तपासणीकडे. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्यावर आहे, तरी तिचा कणा इथे सांगता येतो. एकच डिस्क गळाली तर संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर. अनेक डिस्क एकदम गळाल्या तर संशय कार्डावर, एसएमपीएसवर किंवा उष्णतेवर. चार डिस्क ठरवून एकाच मिनिटाला मरत नाहीत. नंतर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद वाचायची. त्यातल्या अनेक आकड्यांपैकी मोजकेच कामाचे. पाचवा क्रमांक म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून बदललेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय लांबलेल्या जागा. १९८ म्हणजे निवांत तपासणीतही न वाचलेल्या. हे वाढत असतील तर दोष डिस्कच्या आतला. आणि १९९, सीआरसीच्या चुका: ही डिस्कची तक्रार स्वतःबद्दल नाही, वाटेबद्दल आहे. डिस्क आणि कंट्रोलर यांच्या मधे पाठवलेला मजकूर पोचताना बिघडला, एवढेच ती सांगते. पन्नास-शंभर रुपयांची साटा केबल बदलून हा प्रश्न सुटतो, तरी १९९ चा मोठा आकडा बघून डिस्क टाकून देणारे कमी नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, हेही लक्षात ठेवावे. आजचा आकडा वहीत लिहावा, केबल बदलावी, आठवड्याने परत बघावे. वाढला नाही तर विषय संपला.

केबल बदलूनही वाढला तर संशयित डिस्क शेजारच्या डिस्कच्या पोर्टला लावावी आणि शेजारची तिच्या जागी. दोष डिस्कबरोबर गेला की पोर्टजवळ राहिला, यावरून सगळे कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कारखान्यातल्या कोणत्याही फिटरला सांगावा लागत नाही. संगणकापुढे मात्र माणूस केबल, पोर्ट आणि कार्ड एकदम बदलतो, दोष जातो, आणि तो कशाने गेला ते कधीच कळत नाही. सीगेटच्या डिस्कवर पहिल्या ओळीत वाचण्याच्या चुकांचा कोट्यवधीत जाणारा आकडा दिसेल, त्याने घाबरू नये. ती कंपनी त्या आकड्यात एकूण वाचनांची संख्याही कोंबते.

स्मार्टवर पूर्ण विसंबूनही चालत नाही. गूगलच्या त्याच अभ्यासात पहिली तपासणी-चूक दिसल्यानंतर डिस्क साठ दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली आढळली. म्हणजे इशारा आला तर तो गंभीर. पण गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडून कोणताच इशारा दिला नव्हता. बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या नोंदी जाहीर करते. तिच्याकडे गेल्या काही वर्षांत वर्षाला साधारण एक ते पावणेदोन टक्के डिस्क जातात. सहा डिस्कच्या घरात हे प्रमाण क्षुल्लक वाटते. जी गेली तिच्यातच मुंजीचे फोटो असतील तर वाटत नाही.

डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातला एक बेबनाव समजून घेण्यासारखा आहे. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती मिनिट-दोन मिनिटे परत परत प्रयत्न करत राहते, कारण तिच्या मते ती घरात एकटीच आहे. लिनक्स मात्र तीस सेकंद वाट बघून तिला मेलेली समजतो आणि दार आपटतो. डिस्क जिवंत असते, फक्त हट्टाला पेटलेली असते. एनएएससाठीच्या, म्हणजे अशा सर्व्हरसाठीच बनवलेल्या डिस्क सात सेकंदांत हार मानून तसे कळवतात. मग ती जागा इतर डिस्कवरून भरून काढता येते. ही मुदत बऱ्याच डिस्कवर एका आज्ञेने ठरवता येते आणि जिच्यावर येत नाही तिच्यासाठी लिनक्सचीच मुदत वाढवता येते. पुस्तकातले एवढे एकच प्रकरण वाचून कोणी ते बंद केले तरी माझी हरकत नाही.

खरेदीतली फसवणूक दोन प्रकारची. २०२० मध्ये उघड झाले की वेस्टर्न डिजिटलच्या लाल पट्टीच्या, एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या. त्यांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायला शेजारचे अनेक पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात कळत नाही; नवी डिस्क भरून घेताना ती दमून गळून पडते आणि दोष पुन्हा कार्डावर जातो. नंतर कंपनीने जुन्या, सीएमआर पद्धतीच्या डिस्कना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. मॉडेल क्रमांक पूर्ण वाचून, सीएमआर आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत. दुसरा प्रकार २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत गाजला: हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क स्मार्टचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्या. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या दुसऱ्या, खोलवरच्या नोंदीमुळे, जी पुसायची राहून गेली होती. सुपेल्याच्या बाजारात घ्या की ऑनलाइन, नवी डिस्क आल्यावर, फार्मची नोंद असेल तिथे, दोन्ही नोंदींतले तास ताडून बघावेत आणि मगच पूर्ण लांबीची चाचणी लावावी. ८ टेराबाइटच्या डिस्कला तिला बारा-चौदा तास लागतात. तोवर तिच्यावर एकही फोटो टाकू नये.

कानही वापरावेत. २००८ मध्ये सन कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कच्या रांगेसमोर मोठ्याने ओरडून दाखवले होते, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतिसाद त्या क्षणी लांबलेला दिसला. कंपनांना डिस्क एवढी हळवी असते. टेबलाच्या पोकळ कप्प्यात किंवा वॉशिंग मशीनच्या भिंतीला टेकून सर्व्हर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ठरावीक अंतराने 'टक्-टक्' ऐकू आले तर मात्र सगळे तर्क सोडून वीज बंद करावी. आतला हात जागा शोधतो आहे आणि सापडत नाही. प्रत्येक प्रयत्नात तबकडी ओरखडण्याची भीती असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा आता निव्वळ नुकसान करतो, आतल्या थंड तबकडीवर दव धरते. दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड काढून लावण्याचेही दिवस गेले. प्रत्येक बोर्डावर त्याच डिस्कची मोजमापे कोरलेली असतात. आवाज नाही पण वाचताना अडखळते, अशा डिस्कची मात्र डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी नक्कल काढावी आणि पुढचे प्रयोग नकलेवर करावेत.

एवढे सगळे करूनही आरसा लावलेल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते, आणि चोर कॅबिनेटसकट नेतो. तिसरी प्रत घराबाहेर हवी. इथल्या वाचकाला ते सोपे आहे: नागपूरला कोणीतरी असतेच. दिवाळीला जाताना एक डिस्क घेऊन जावी, आधीची परत आणावी.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. बिघाड समोर असेल तर थेट चौथ्याकडे जावे. पण त्याआधी एक काम करून घ्यावे. सर्व्हर बंद करून प्रत्येक डिस्क बाहेर काढावी, तिचा अनुक्रमांक जाड पेनने चिकटपट्टीवर लिहून बाहेरून दिसेल अशा बाजूला लावावा, आणि तोच क्रमांक, ती कोणत्या पोर्टला आहे, कधी घेतली आणि आज तिचे ५, १९७, १९८, १९९ हे चार आकडे किती आहेत, ते एका वहीत उतरवावे. लिनक्सने दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे दर वेळी बदलू शकतात, त्यांवर भरवसा ठेवून डिस्क काढली तर चांगली डिस्क बाहेर येते आणि आजारी आत राहते. वही सर्व्हरजवळ ठेवावी, सर्व्हरमध्ये नव्हे.